लग्नाची चित्रे आणि चित्रांतील लग्ने

सौंसर किंवा पांढुर्ण्याकडच्या एखाद्या जुन्या घराच्या बैठकीत पाऊल टाकले, की भिंतीवर, आढ्याच्या जरा खाली, पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरींची एक ओळ दृष्टीस पडते. मधोमध देवादिकांच्या तसबिरी, कडेला कर्त्या पुरुषाचे फेटेवाले छायाचित्र, आणि त्यांच्यातच कोठेतरी नवरानवरीची एक जोडी हटकून असते. नवरा खुर्चीवर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. नवरी त्याच्या शेजारी उभी, पदर डोक्यावरून घेतलेला, नजर खाली. मागच्या पडद्यावर एक प्रशस्त जिना, संगमरवरी खांब आणि दूरवर तळे रंगविलेले असते. असा जिना आणि असे तळे सौंसर तालुक्यात कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. तरी कापसाच्या आणि संत्र्यांच्या या मुलखातील कितीतरी जोडपी त्या तळ्याकाठी उभी राहिलेली आहेत!

घरातल्या लहान मुलाला त्या नवरीकडे बोट दाखवून विचारावे, की ही कोण? ‘आजोबांची आई’ असे उत्तर तत्काळ येते. तिचे नाव काय, हा पुढचा प्रश्न विचारला, की मात्र मुलगा आईकडे पाहतो, आई सासूकडे पाहते, आणि सासू थोडा वेळ विचारात पडते.

लग्नाचे चित्र म्हणजे काय असते, ते कोण काढते, कशासाठी काढते, आणि त्यात कोणाला जागा मिळते व कोणाला मिळत नाही, या प्रश्नांचा विचार त्या तसबिरीखाली बसून करण्यासारखा आहे. लग्न हा प्रसंग सर्व देशांत आणि सर्व काळांत चित्रकारांना व शिल्पकारांना मोह घालीत आला आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी त्यांनी लग्नातले काहीतरी एक उचलले आणि बाकीचे सोडून दिले. काय उचलले यावरून त्या समाजाची ओळख पटते; काय सोडले यावरून ती अधिकच पटते.

प्रारंभ जवळच्याच उदाहरणाने करू. सौंसरचा मुलूख १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. त्यापूर्वी तो नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांताचा भाग होता. या मध्यप्रांतातील जातीजमातींविषयी आर. व्ही. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने १९१६ साली चार भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या चौथ्या भागात, माळी जातीच्या वर्णनाजवळ, बाशिंगे बांधलेल्या एका वधूवरांचे छायाचित्र आहे. ‘लग्नाचे मुकुट घातलेले वधूवर’ अशा अर्थाचा मथळा त्याखाली छापलेला आहे. मुकुटांचा उल्लेख आहे, माणसांची नावे नाहीत. ग्रंथकारांना बाशिंग हवे होते. ते कोणाच्या कपाळावर आहे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण होता. त्या ग्रंथाचे मोल थोडेथोडके नाही, आणि हिरालालांसारख्या व्यासंगी पुरुषाचे ऋण तर या प्रांतावर फारच मोठे आहे. तरीही आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या दिवसाच्या वेषात उभी असलेली दोन माणसे एका अलंकाराचा नमुना म्हणून जगापुढे आली, ही गोष्ट मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

आता मागे, फार मागे जाऊ. मुंबईनजीकच्या घारापुरी बेटावरील मोठे लेणे सहाव्या शतकातील मानले जाते. त्याच्या नैर्ऋत्येकडच्या भागात, गंगाधर शिवाच्या शिल्पापासून जवळच, शिवपार्वतीच्या विवाहाचा भव्य शिल्पपट आहे. त्याला कल्याणसुंदर म्हणतात. शिल्पाची मोडतोड पुष्कळ झाली आहे, शिवाचे पाय भग्न आहेत. पण जे उरले आहे तेवढ्याने पाहणारा जागच्या जागी खिळून राहतो. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूस उभी आहे. लग्न पूर्ण होईपर्यंत वधू वराच्या उजवीकडे असते आणि नंतर ती वामांगी होते, हे आपल्याकडच्या कोणाही पोक्त बाईस ठाऊक असते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटासही ते ठाऊक होते. म्हणजे त्याने लग्न झालेले जोडपे खोदले नाही, लग्न होत असतानाचा क्षण खोदला. पार्वतीचे मस्तक किंचित लवलेले आहे. तिच्या मागे तिला पुढे करणारा पुरुष आहे, तो तिचा पिता हिमवान असे मानतात. कलश घेतलेला चंद्र आहे. दुसऱ्या बाजूस खाली बसून होमाचे काम पाहणारा ब्रह्मदेव आहे. वर तरंगणारे देवगण म्हणजे या लग्नाचे वऱ्हाडच. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यातही हाच प्रसंग खोदलेला आहे. परंतु घारापुरीच्या पार्वतीच्या अंगातला संकोच आणि आनंद यांचे जे मिश्रण आहे, ते दुसरीकडे क्वचितच साधले असेल.

या शिल्पात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येथे बाप आहे, पुरोहित आहे, पाहुणे आहेत. परंतु शिल्पाचा सारा भार जाऊन थांबतो तो शिवाने हाती घेतलेल्या पार्वतीच्या हातावर. पाणिग्रहण हा विधी शिल्पकाराने निवडला. निवडण्याचे हे स्वातंत्र्य छिन्नीला असते. पुढे छायाचित्रकाराला ते पुष्कळ काळ मिळाले नाही, त्याचे कारण ओघाने येईलच.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात याच्या अगदी उलट टोकाचे चित्र आहे. गौतम बुद्धाचा धाकटा भाऊ नंद हा आपल्या सुंदर वधूला सोडून भिक्षू झाला, त्या कथेतील ते चित्र, असे अभ्यासक सांगतात. नवऱ्याने संन्यास घेतल्याची वार्ता ऐकून कोसळलेली ती स्त्री ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. धर्माच्या दृष्टीने तो नंदाच्या उद्धाराचा प्रसंग. परंतु चित्रकाराने आपला कुंचला ज्या हळुवारपणे चालविला आहे तो नंदासाठी नव्हे, मागे राहिलेल्या बाईसाठी. विहाराच्या भिंतीवर, भिक्षूंच्याच डोळ्यांसमोर, मोडलेल्या संसाराचे असे चित्र काढण्याचे धैर्य त्या अनामिक कलावंताने दाखविले, हे विशेष.

राजेलोकांच्या लग्नांची चित्रे मात्र बहुधा निराळ्या कारणासाठी निघतात. शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याचे लग्न १६३३ साली मोठ्या थाटात झाले. ‘पादशाहनामा’ या ग्रंथाची जी चित्रित प्रत आज इंग्लंडात विंडसर येथील राजसंग्रहात आहे, तीत या लग्नाची चित्रे आहेत. वराला मोत्यांचा सेहरा, वरातीचे घोडे, नजराणे, मशालींचा व शोभेच्या दारूचा झगमगाट. बारीकसारीक तपशील इतके, की पाहता पाहता वेळ कसा जातो ते कळत नाही. नसते ती फक्त वधू. नादिरा बानू बेगम या समारंभाच्या चित्रांत कोठेही नाही. पडद्याची चाल होती, हे खरेच. पण वधूवाचून लग्नाचे चित्र पूर्ण होऊ शकते, असे त्या दरबाराला वाटत होते, हेही तितकेच खरे.

युरोपातील चित्रकारांनी वधूला चित्रात आणले, पण तिच्याकडून काय अपेक्षा ठेवली ते पाहण्यासारखे आहे. पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६७-६८ च्या सुमारास काढलेले शेतकऱ्यांच्या लग्नाचे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. मांडव नाही, धान्याच्या कोठारातच पंगत बसली आहे. दोन माणसे काढलेल्या दारावर वाट्या मांडून ती दुरडीसारखी वाहून आणीत आहेत. वाजंत्रीवाला वाजविता वाजविता वाढप्यांकडे भुकेल्या डोळ्यांनी पाहत आहे. एक पोर जमिनीवर बसून वाटी चाटत आहे. आपल्याकडच्या पंगतीत उठबस केलेल्या माणसाला हे चित्र समजावून द्यावे लागणार नाही. या सगळ्या गलबल्यात हिरव्या कापडापुढे वधू बसली आहे, हात जुळवून, डोळे मिटल्यासारखे करून. ती खात नाही, बोलत नाही. वर कोणता, याविषयी मात्र पंडितांचे अद्याप एकमत नाही! देश वेगळा, धर्म वेगळा, पण ती वधू सौंसरच्या भिंतीवरच्या नवरीची बहीण शोभेल.

त्याआधी, १४३४ साली, यान व्हान आयक याने एका श्रीमंत इटालियन व्यापाऱ्याचे व त्याच्या पत्नीचे चित्र काढले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोघे एका खोलीत हात हातात घेऊन उभे आहेत. मागे भिंतीवर बहिर्गोल आरसा आहे, आरशात दारातून आत येणारी आणखी दोन माणसे दिसतात, आणि आरशाच्या वर चित्रकाराने ‘यान व्हान आयक येथे होता’ अशा अर्थाचे शब्द सालासह लिहून ठेवले आहेत. एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकाराने १९३४ साली असे मत मांडले, की हे चित्र म्हणजे विवाहाचा दाखलाच होय आणि चित्रकार हा त्याचा साक्षीदार. पुढच्या संशोधकांना हे मत सर्वस्वी मान्य झाले नाही. ते लग्नाचे चित्र मुळी आहे की नाही, येथूनच वाद आहे. तो वाद पंडितांनी घालावा. परंतु लग्नाच्या चित्राला साक्ष देण्याचे काम करावे लागते ही कल्पना लाखमोलाची आहे, आणि ती पुढे छायाचित्राच्या काळात खरी ठरली.

ख्रिस्ती जगात ज्या एका लग्नाची चित्रे सर्वांत अधिक निघाली, त्या लग्नातील वधूवरांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत! गालीलातील काना गावी एका लग्नात द्राक्षारस सरला आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ही योहानाच्या शुभवर्तमानातील कथा. पावलो व्हेरोनेझे याने १५६२-६३ साली व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनगृहासाठी तिचे प्रचंड चित्र काढले. उंची जवळजवळ पावणेसात मीटर आणि रुंदी जवळजवळ दहा मीटर. नेपोलियनच्या फौजेने ते १७९७ साली लुटून नेले व ते आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्यात शंभराहून अधिक माणसे आहेत, गवई आहेत, कुत्री आहेत, व्हेनिसच्या सरदारांचा सगळा डामडौल आहे. वधूवर बिचारे मेजाच्या डाव्या टोकाला सारलेले आहेत. खेड्यातल्या एका गरीब घरची, पाहुण्यांपुढे मान खाली जाण्याची वेळ, हा कथेचा गाभा. तोच या श्रीमंतीत बुडून गेला, असे वाटल्यास नवल नाही. फादर टॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त येशूचे चरित्र मराठी ओव्यांत गायिले; ते पुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. लग्नघरी काही कमी पडले तर यजमानाच्या काळजाचे काय होते, हे मराठी श्रोत्यास निराळे सांगावे लागत नव्हते.

येथवर जी चित्रे पाहिली ती सर्व पुरुषांनी काढलेली आणि लग्नाबाहेर राहून काढलेली. आता एका अशा चित्राकडे वळावयाचे, की जे बायका काढतात आणि जे काढल्याशिवाय लग्नच लागत नाही. हे चित्र महाराष्ट्रातच आहे, हा आपला भाग्ययोग.

ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोकांची वस्ती आहे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले, की घरातील आतल्या भिंतीला शेणाचा व त्यावर गेरूचा हात फिरवितात. तांदूळ भिजवून, वाटून त्याचा पांढरा रंग करतात. बांबूची काडी टोकाशी ठेचून तिचा कुंचला होतो. मग सवाशिणी जमतात आणि भिंतीवर लग्नचौक लिहावयास बसतात. ‘लिहिणे’ हाच त्यांचा शब्द आहे. चित्र काढणे असे त्या म्हणत नाहीत.

चौक म्हणजे नक्षीदार किनारींची चौरस चौकट. तिच्या मध्यभागी पालघाट देवी असते. ही सृजनाची, उगवणीची देवता. पालवीने भरून वाहणारा घट, असा तिच्या नावाचा अर्थ सांगतात. चौकटीत सूर्य असतो, चंद्र असतो, फणी असते, शिडी असते. शेजारी एक लहान चौक असतो, त्यात पंचशिऱ्या हा देव घोड्यावर स्वार झालेला. आणि चौकटीच्या बाहेर सगळे जग: झाडे, माकडे, मोर, मोळी आणणाऱ्या बायका, तारप्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे अंग झाले. एक वाटोळे टिंब म्हणजे डोके. इतक्या थोड्या सामग्रीत ती माणसे नाचतात, वाकतात, धावतात, हे पाहून मोठमोठ्या चित्रकारांनी तोंडात बोट घातले आहे. पांढऱ्या रंगावर शेवटी कुंकवाचे आणि हळदीचे ठिपके पडतात.

चौक लिहिला जात असताना व पुढे विधीच्या वेळी धवलेरी गाणी म्हणते. धवलेरी ही वारल्यांच्या लग्नातील स्त्री पुरोहित. लग्न लावण्याचे काम बाईकडे असणे ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल, पण वारल्यांत ती परंपरेने चालत आली आहे. चौक पुरा झाला की तो कापडाने झाकून ठेवतात. भगताच्या अंगात येते, देवांना बोलावणे होते, आणि मग पडदा दूर करून देवीचे दर्शन घडवितात. म्हणजे आपल्याकडे जो मान अंतरपाटाला, तोच तेथे या कापडाला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच, की येथे कापडाच्या पलीकडे वर नसून देवी असते.

या चित्रात वधूवरांचे रूपसादृश्य शोधणारा निराश होतो. घोड्यावर बसलेली दोन माणसे बहुधा असतात, पण ती अमक्याची मुलगी आणि तमक्याचा मुलगा अशी ओळखू येत नाहीत. चित्राने त्यांची आठवण ठेवावयाची नसते. त्यांच्या लग्नाला देवीला हजर करावयाचे असते. काम झाले, की धूर, पाऊस आणि उंदीर आपापला वाटा उचलतात, आणि पुढच्या लग्नाला त्याच भिंतीवर नवा गेरू चढतो. मिथिलेत नवदांपत्याच्या खोलीत बायका कमळवेल व बांबू यांचे कोहबर लिहितात, तेही याच जातीचे. १९३४ सालच्या बिहारच्या भूकंपात घरांच्या भिंती कोसळल्या, तेव्हा आतली ही चित्रे डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला दिसली. घरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली कला जगाला कळावयास घरे पडावी लागली!

वारल्यांची चित्रे जगापुढे आली ती भूकंपावाचून. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हे कलावंत या भागात हिंडले. त्यांनी वारल्यांना कागद व रंग दिले. त्यांतूनच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. जिव्या म्हसे यांनी लग्नाचे निमित्त नसताना, रोज, आपल्या आनंदासाठी चित्रे काढावयास सुरुवात केली, आणि वारली चित्र देशोदेशी नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचा हात असामान्य होता, याविषयी दुमत नाही. पण या घडामोडीत एक अदलाबदल झाली, तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही. भिंत बायकांची होती; कागद मुख्यतः पुरुषांच्या हाती गेला. भिंतीवर सही नसे, कागदावर सही आली. आज शहरातल्या कपबशांवर, साड्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर तारप्याचा नाच सर्रास दिसतो; पालघाट देवी क्वचितच दिसते, आणि ती प्रथम कोणत्या सवाशिणीने लिहिली हे तर विचारण्याचीच सोय नाही. घरोघर लग्नचौक लिहिणाऱ्या हातांना त्याचे मोल द्यावे असे फार थोड्यांना सुचले.

आता छायाचित्राकडे यावयाचे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगजाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १८४० रोजी, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. त्या लग्नाचे छायाचित्र नाही. जॉर्ज हेटर याने काढलेले रंगीत चित्र आहे. १८५४ साली रॉजर फेंटन याने राणी व राजपती आल्बर्ट यांची दरबारी पोषाखातील छायाचित्रे घेतली, आणि तीच लग्नाची म्हणून आजही पुष्कळ ठिकाणी छापली जातात. लग्न झाल्याला तेव्हा चौदा वर्षे झाली होती! थोरल्या राजकन्येच्या लग्नाच्या दिवशी, २५ जानेवारी १८५८ रोजी, आईबापांसह तिचे छायाचित्र घेण्यात आले, त्यात राणी हलल्यामुळे तिची आकृती पुसट उमटली आहे. मुलीच्या लग्नात आईचे अंग थरथरणे ही गोष्ट राणीलाही चुकत नाही.

या पुसटपणातच जुन्या छायाचित्रांचे मर्म आहे. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटावयास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ श्वास रोखून, मान न हलविता बसावे लागे. छायाचित्रकार मानेमागे लोखंडी टेकू लावीत. जुन्या नवरानवरींचे चेहरे इतके कठोर का, याचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे आपल्या रीतिरिवाजांत आहे: नवरीने हसणे शोभत नसे. पुढे काचा जलद झाल्या, तरी चेहऱ्यांवरची शिस्त सुटली नाही.

दुसरी अडचण उजेडाची. लग्न मांडवात, कित्येकदा गोरज मुहूर्तावर, म्हणजे अंधार पडताना लागे. अंतरपाट दूर होण्याचा तो एक क्षण टिपावयास पुरेसा प्रकाश नसे. म्हणून जुन्या तसबिरींत लग्न नसते. लग्न झालेले जोडपे असते, दुसऱ्या दिवशी किंवा महिन्याभराने, अंगणात किंवा शहरातल्या स्टुडिओत जाऊन बसलेले. घारापुरीच्या पाथरवटाने जो क्षण सहज पकडला तो यंत्राला पकडता येईना, आणि म्हणूनच तो जिना, ते खांब आणि ते तळे. सौंसरहून नागपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी २०१५ सालापर्यंत चालत होती. नव्या जोडप्यास फोटोसाठी नागपूर गाठणे अवघड नव्हते.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार होते. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली मुंबईच्या निरनिराळ्या जातींची छायाचित्रे दोन भागांत प्रसिद्ध केली, त्यांत माणसांची चित्रे कापून निराळ्याच देखाव्यांवर चिकटविलेली आहेत. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती पाहावीत. मराठी स्त्रियांचे पोषाख हौसेने व अचूक रंगविले ते महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. ऑटो रॉथफेल्डच्या १९२० सालच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकातील त्यांची रंगीत चित्रे आजही नेसण्याच्या पद्धतींसाठी उघडून पाहिली जातात.

छायाचित्रात कोण नाही, तेही सांगितले पाहिजे. विधवा स्त्री मांडवात पुढे येत नसे, मग फोटोच्या ओळीत कोठून येणार? मुलाला वाढविणारी आई विधवा असेल, तर मुलाच्या लग्नाच्या चित्रात तिची जागा रिकामी राही. आणि जी दिसते तिचेही वय पाहावे. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. त्याने मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. १९७८ साली ते अठरा व एकवीस झाले. त्यापूर्वीच्या तसबिरींत खुर्चीच्या पाठीपर्यंत कशीबशी पोचलेली नवरी दिसते, तेव्हा ती बुटकी नसते. ती लहान असते. तिला हा सोहळा मान्य होता काय, हा प्रश्न फोटोग्राफर विचारीत नसे. तो विचारला चित्रपटाने. प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ साली आला, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानीत नाही. शांता आपटे यांची ती ताठ मान आणि समोर रोखलेली नजर पाहिली, म्हणजे भिंतीवरच्या सगळ्या खाली पाहणाऱ्या नवऱ्यांनी एकदाची दृष्टी वर उचलली, असा भास होतो.

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा विवाह राहत्या घरी नोंदणी पद्धतीने झाला. त्या विवाहाला बाशिंगही नव्हते आणि अंतरपाटही नव्हता. लग्नाला दोन माणसे व एक सही पुरते, हे मराठी घरांना कायद्याच्या पुस्तकापेक्षा अशा लग्नांनी आधी पटवून दिले.

पांढुर्ण्याला एका लग्नाचे स्मरण चित्रावाचून होत आले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव यांचे लोक दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, तेव्हा दगडांचा वर्षाव होऊन दोघेही पात्रातच मेली, अशी त्यामागची दंतकथा सांगतात. गोटमारीची छायाचित्रे दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात: उडणारे गोटे, फुटलेली डोकी, काठावरची गर्दी. जखमींची संख्या छापली जाते. प्राणही गेले आहेत. त्या मुलामुलीला मात्र चित्र नाही आणि नावही नाही. उरला तो फक्त गोटा.

भिंतीवरच्या तसबिरीकडे परत यावयाचे, तर ती फार दिवस राहणार नाही, हे ध्यानात घ्यावे. पावसाळी ओल, कसर आणि समोरच्या खिडकीतील ऊन ही तिन्ही जुन्या फोटोची वैरी आहेत. ऊन लागणाऱ्या भिंतीवरून तसबीर हलवावी, काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, आणि तो पुठ्ठ्यावर खळीने डकवू नये. फोटो मोकळा असेल तर पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून, नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. नवरीचे नाव लिहिताना एक नव्हे, दोन नावे लिहावी लागतील. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे माहेरचे नाव बदलीत. सासरचे नाव नातवंडांना निदान ऐकून तरी माहीत असते. माहेरचे नाव सांगू शकणारी म्हातारी अद्याप घरात असेल, तर तिला आजच विचारावे.